गाव न मोडता गाव ताब्यात घेण्याची रीत

आपल्या हाती एखादे गाव लागलेच, तर ते मोडण्याची घाई कृपया करू नये. पाटील, कुलकर्णी, चौगुला, बारा बलुतेदार यांना जागच्या जागी राहू द्यावे आणि त्यांची तोंडभरून स्तुती करावी. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रज कारभारी एल्फिन्स्टनसाहेबांनी हेच केले. पंचायती टिकाव्यात अशी त्यांची मनापासून इच्छा होती आणि १८२७ साली त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी कायद्यांची संहिता आली. पंचायत बंद करावी लागतच नाही. तिचा निवाडा ज्याला रुचला नाही त्याला अदालतीची वाट दाखवावी, म्हणजे पारावरच्या मंडळींना हळूहळू दुसरे उद्योग सुचतात.

पूर्वी गावात महजर, म्हणजे गावसभेच्या निवाड्याचा कागद, झाला की पाटील त्याखाली सहीऐवजी नांगराचे चित्र काढी आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. अक्षरशत्रू सुतारही त्या कागदाचा धनी असे. (त्याच गावात महाराला वेशीबाहेर राहावे लागे आणि खरेपणा पटवण्यासाठी कधीकधी उकळत्या तेलातुपात हात घालावा लागे, हे आम्ही विसरलेलो नाही, पण स्तुतीच्या भरात ते काढू नये.) आपण नांगर राहू द्यावा, कागद तेवढा बदलावा.

गावाच्या वतीने शेतसाऱ्यासाठी घासाघीस करणारा पाटील फार अडचणीचा असतो, म्हणून रयतवारी आणावी: प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक खातेदाराला वेगळी सारा-आकारणी. आधीचे इंग्रज अधिकारी प्रिंगलसाहेब यांनी ठरवलेला सारा न झेपून इंदापूरकडे जमिनी ओस पडल्या, तरी १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच नव्याने आकारणी करून ती तीस वर्षांसाठी बांधून दिली. पाटील आता वसुलीपुरता उरतो. पागोटे मात्र तेच ठेवावे, गावाला सवय असते.

सावकाराला पूर्वी वसुलीसाठी गावाची मर्जी सांभाळावी लागे, आता त्याच्या हाती अदालतीचा हुकूमनामा द्यावा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने रोखा, म्हणजे कर्जाचा लेखी कागद, तीन वर्षांत शिळा होऊ लागला, तेव्हा व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची सोयही आपसूक झाली.

एवढे जमल्यावर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात झाले तसे काहीतरी होईलच. लोक सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या रोख्यांच्या मागे लागतील आणि ते जाळतील. घाबरू नये. चौकशी आयोग नेमावा, जाडजूड अहवाल घ्यावा आणि शेतकऱ्याने रोखा करायचा तो नेमलेल्या निबंधकासमोरच, असा १८७९ सारखा कायदा करावा. तिथे कुणी सहीऐवजी नांगर काढू लागला, तर खुशाल काढू द्यावा.