काट्याची मनधरणी

डेअरीतला इलेक्ट्रॉनिक काटा स्वतःच्या डबीवर दुधाचं वजन लखलखीत दाखवायचा, पण कॉम्प्युटरला सांगायचा नाही. पहाटे किटल्यांची रांग लागलेली, सचिव अण्णा वहीत आकडे खरडतायत, आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन काट्यामागे उकिडवा.

मधली केबल आरएस-२३२ जातीची, म्हणजे यंत्रं कॉम्प्युटरला जोडायच्या जुन्या प्रमाणाची; कॉम्प्युटरकडच्या टोकाला तिला यूएसबीत बसणारा कन्व्हर्टर. हे प्रमाण १९६० सालचं, म्हणजे रांगेतल्या निम्म्या उत्पादकांपेक्षा वयानं मोठं. नऊ पिनांपैकी माहिती वाहते दोन आणि तीनवरून, पाचवी ग्राउंड. उरलेल्या सहा निव्वळ व्याह्यांच्या मानपानासाठी. चौथी डीटीआर म्हणते, 'आम्ही तयार.' सहावी डीएसआर, 'आम्हीही.' सातवी आरटीएस, 'मग पाठवू का?' आठवी सीटीएस, 'पाठवा.' पहिली पलीकडे मोडेमची, म्हणजे फोनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या डबीची, लाइन जुळल्याचं सांगते आणि नववी फोन वाजतोय म्हणून. काट्याला फोन कोण करणार, देव जाणे! आमच्या काट्याचं म्हणणं एवढंच, की तुमची सातवी पिन वर आल्याशिवाय, म्हणजे तिचं व्होल्टेज उण्याचं अधिक झाल्याशिवाय, मी तोंड उघडणार नाही.

पोर्टची, म्हणजे केबल जोडायच्या खाचेची, मांडणी सांगणारी एसटीटीवाय ही आज्ञा चालवली. वेग, पॅरिटी, पानभर जंत्री आली. पण पिन आत्ता वर आहे की खाली, त्याबद्दल अवाक्षर नाही. ते कर्नललाच, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यालाच विचारावं लागतं, टीआयओसीएमजीईटी नावाच्या आयओसीटीएलनं, म्हणजे थेट त्याच्याकडे केलेल्या विनंतीनं. हे मी अण्णांना सविस्तर समजावलं.

"मग विचारा की," अण्णा म्हणाले.

पायथनच्या एका ओळीत विचारलं. सीटीएस चालू! म्हणजे काटा तयार होता, मान आमच्याकडूनच राहत होता. दुसऱ्या ओळीत आरटीएस वर केली आणि व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर पाचव्या-सातव्या पिनेवर धरला. उणे सहाचा आकडा अधिककडे उसळला आणि लगेच परत उणे. ओळ संपली, पोर्ट मिटला, आणि लिनक्सनं जाता जाता डीटीआर-आरटीएस दोन्ही खाली पाडल्या. या सवयीचं नाव एचयूपीसीएल. प्रोग्राम गेला की मोडेमनं फोन ठेवावा, ही त्यामागची सोय.

डेअरीचा प्रोग्रामही हेच करत होता. दर किटलीला पोर्ट उघडायचा, क्षणभर ऐकायचा, मिटायचा. काट्याला मात्र मान मिळाल्यावर घसा खाकरायलाच दोन-तीन सेकंद लागायचे. वास्तविक पोर्ट उघडला की लिनक्स दोन्ही पिना आपणहून वर करतो; तो कुणीतरी उघडा धरून बसायला हवा. मी शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, फाइल डिस्क्रिप्टर तीनला, म्हणजे उघड्या फाइलींच्या तीन नंबरच्या खुंटीला, पोर्ट बांधून टाकला. पुढची किटली ठेवली आणि पडद्यावर वजन उमटलं. अण्णांनी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत वजनं पुन्हा थांबली. पाहतो तर पोर्टचं लिनक्समधलं नाव टीटीवाययूएसबी-शून्य गायब आणि त्याच्या जागी टीटीवाययूएसबी-एक! जुना नंबर माझ्या शेलनं धरून ठेवलेला, म्हणून कर्नलनं नवा दिला होता. पण मुळात कन्व्हर्टर उपसला कोणी?

"मोबाईल लावला होता जरा," रांगेतून आवाज आला. "परत होता तसाच बसवलाय की."