‘वस्त्या उठवा, नाहीतर सक्तीनं तपासा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज बऱ्याच ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: वेश्याव्यवसायातल्या जवळजवळ सगळ्या बायकांना एड्स किंवा गुप्तरोग असतो, समाजात तो त्याच पसरवतात, त्यांना आरोग्याची फिकीर नसते. म्हणून परदेशासारखं लायसन्स देऊन दर महिन्याला सक्तीची तपासणी करा, नाहीतर त्यांच्या वस्त्या सरळ उठवा. चांगली शिकलेली माणसं हे जनहिताचं समजून पुढे ढकलत आहेत, आणि त्यानं खरंच नुकसान होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते आहे.

‘जवळजवळ सगळ्यांना एड्स असतो.’

१९९०च्या दशकात मुंबईत तपासणी झालेल्या धंद्यातल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना एचआयव्हीची लागण आढळत होती. मेसेज त्याच काळात अडकून पडला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या पाहण्यांत देशपातळीवर हे प्रमाण २००३ मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास होतं. २०१७ मध्ये ते १.५६ टक्के आणि २०२१ मध्ये १.८५ टक्के होतं. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना एचआयव्ही नाही. सर्वसाधारण प्रौढांत हे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या जवळपास आहे. त्यामुळे या बायकांना धोका आजही आठ-नऊ पट आहे, हे झाकायचं कारण नाही. आणि आकडा घसरला त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे: सरकारी दवाखान्यांत एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं २००४ पासून मोफत मिळू लागली, आणि त्याआधीच कितीतरी जणी दगावल्या.

‘रोग त्याच पसरवतात.’

शरीरशास्त्र उलट सांगतं. परमा, म्हणजे गनोरिया, एका असुरक्षित संबंधात पुरुषाकडून बाईला लागण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून जास्त असते. बाईकडून पुरुषाला लागण्याची शक्यता साधारण पाचात एक. एचआयव्हीतही बाईच्या वाट्याला सुमारे दुप्पट धोका येतो. गिऱ्हाईक बाहेरून येतं, इथे रोग देतं किंवा घेतं आणि घरी जातं. घरातल्या बायकोपर्यंत लागण पोचते ती तिच्या नवऱ्याच्या मार्फत, पण त्याचं नाव मेसेजात कुठेच नाही.

शिवाय बाईला रोग झाल्याचं कळतंच असं नाही. परम्याची लक्षणं निम्म्या बायकांत दिसत नाहीत, क्लॅमिडियाची तर बहुतेकींत नाहीत. अंगावरून पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, एवढ्यावर दिवस निघतात. आत गर्भनलिकांना सूज येऊन मूल होण्याची शक्यता जाते. गरमी, म्हणजे सिफिलिस, गरोदरपणात उपचाराविना राहिली तर मूल पोटातच दगावू शकतं. हे सोसणारी तीच आहे.

‘त्यांना फिकीर नसते.’

हे वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. सांगलीत ‘संग्राम’ संस्थेनं १९९२ मध्ये काम सुरू केलं आणि १९९६ मध्ये धंद्यातल्या बायकांनी स्वतःची संघटना उभी केली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजेच ‘व्हॅम्प’. वस्तीत घरोघरी निरोध पोचवणं, नव्यानं आलेल्या मुलीला समजावणं, आजारी बाईला दवाखान्यात नेऊन तिच्या शेजारी बसणं ही कामं याच बायका करत आल्या. सिव्हिल हॉस्पिटलात हाड्‌तुड् होण्याची भीती असते, म्हणून दोघीतिघी मिळून जातात.

निरोध वापरायचा राहतो तो कुठे, हे बघा. दारू पिऊन आलेलं गिऱ्हाईक ऐकत नाही. कुणी जादा पैसे पुढे करतं, आणि त्या महिन्याचं भाडं थकलेलं असतं. कायमच्या माणसापाशी, ज्याला या बायका ‘मालक’ म्हणतात, निरोधचा आग्रह धरणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं होतं. त्यात पोलिसांची भर. धाडीत सापडलेली निरोधची पाकिटं धंद्याचा पुरावा म्हणून वापरली जात. मग कोणती बाई ती जवळ बाळगेल? १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावं लागलं की आरोग्यासाठी निरोध वापरणं हा गुन्हा नाही आणि गुन्ह्याचा पुरावाही नाही. फिकीर करणाऱ्या बाईचे हात कुणी बांधले होते, हे त्या आदेशातूनच कळतं.

‘लायसन्स द्या, दर महिन्याला सक्तीनं तपासा.’

हा मुद्दा वरवर शहाणपणाचा वाटतो, म्हणून जरा थांबून बोलू. हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. इंग्रज सरकारनं १८६८ मध्ये संसर्गजन्य रोगांचा कायदा आणला. गोऱ्या सैनिकांना गुप्तरोग होऊ नयेत म्हणून बायकांची नोंदणी, ठरावीक मुदतीनं अंगतपासणी आणि रोग आढळला तर ‘लॉक हॉस्पिटल’ या गुप्तरोगांच्या बंदिस्त रुग्णालयात कोंडणं, अशी ती व्यवस्था होती. मुंबईतही तो लागू झाला होता. बायका नोंदणी टाळून लपल्या, कित्येक जणी शहर सोडून गेल्या, सैन्यातले गुप्तरोग काही थांबले नाहीत. १८८८ मध्ये कायदा रद्द करावा लागला.

तो फसण्याचं कारण आजही तेच आहे. लागण झाल्यावर ती तपासणीत दिसायला वेळ लागतो: गरमीचा व्रण सरासरी तीन आठवड्यांनी उठतो, एचआयव्हीची प्रतिपिंडं दिसायला काही आठवडे, कधी तीन महिनेही. त्या मधल्या काळात बाईच्या हातात ‘निरोगी’ असं कार्ड असणार. ज्या दिवशी कार्ड मिळालं त्याच रात्री एखादं गिऱ्हाईक तिला परमा देऊन जाऊ शकतं. आणि ते कार्ड बघून पुढचा माणूस म्हणणार, मग आता निरोध कशाला? तपासणी फक्त बाईची, गिऱ्हाइकाची नाही.

परदेशाचं म्हणाल, तर जर्मनीनं सक्तीची तपासणी २००१ मध्ये बंद केली. तिथे आता नोंदणी आणि आरोग्यसल्ला बंधनकारक आहे, निरोध बंधनकारक आहे, पण रोगाची तपासणी ऐच्छिक आहे. न्यूझीलंडनं २००३ मध्ये हा व्यवसाय गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढला, तिथेही सक्तीची तपासणी नाही. आपल्याकडे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माणसाच्या संमतीशिवाय एचआयव्हीची चाचणी करता येत नाही.

आणि आज तपासणी होतच नाही असं वाटत असेल, तर तेही खोटं. नाकोच्या प्रकल्पांत दर तीन महिन्यांनी आरोग्यतपासणी, वर्षातून दोनदा एचआयव्ही आणि गरमीची चाचणी ठरलेली आहे. बायका त्यासाठी येतात, कारण बोलवायला ओळखीची बाई येते.

‘नाहीतर वस्त्या उठवा.’

गोव्यात वास्कोजवळची बायणाची वस्ती जून २००४ मध्ये पाडली. धंदा संपला नाही. बायका लॉजवर, रस्त्यावर, भाड्याच्या खोल्यांत विखुरल्या. त्यांच्यापर्यंत पोचणाऱ्या कार्यकर्त्यांचा संपर्क आणि निरोधचा पुरवठा मात्र तुटला. विखुरलेल्या बाईला दांडगाई करणाऱ्या गिऱ्हाइकापुढे हाक मारायला शेजारीणही उरत नाही.

सरकारकडे काही मागायचंच असेल तर प्रयोगशाळा मागा. बऱ्याच ठिकाणी लक्षणं बघून औषधांचा रंगीत किट हातात दिला जातो. लक्षणं नसलेला परमा आणि क्लॅमिडिया त्यात निसटतो. तो पकडायला चाचणी लागते आणि ती तालुक्याच्या ठिकाणी बहुधा मिळत नाही.

आणि ज्या पुरुषांना हा मेसेज वाचून स्वतःची काळजी वाटली असेल, त्यांच्यासाठी: जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये गुप्तरोगांवर मोफत उपचार होतात, शेजारच्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची चाचणी मोफत आणि गोपनीय होते. १०९७ या टोल-फ्री क्रमांकावर विचारता येतं. रोग निघाला तर बायकोलाही घेऊन जा. दोघांचा उपचार एकदम झाला नाही तर गुप्तरोग पुन्हा परत येतो.