घोडी लावलीस का?

परवा रविवारी सकाळी फिरून येताना शेजारच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दोन पाय दिसले. पायात स्लिपर, बाकीचा माणूस गाडीखाली. आणि गाडी कशावर? स्टेपनीबरोबर मिळतो त्या कात्री जॅकवर. शेजारी आधाराला म्हणून एकावर एक दोन विटा, त्याही गाडीला टेकलेल्या नाहीत, मध्ये चांगली चार बोटं फट. मी वाकून म्हटलं, "अहो, जरा बाहेर या." आतून आवाज आला, "दोन मिनिटं काका, एकच नट राहिलाय."

त्या दोन मिनिटांबद्दल लिहायचंय. पोस्ट लांब होईल, चहा घेऊन बसा.

आधीच सांगतो, घरी गाडीचं काम करण्याला माझा विरोध नाही. मी बँकेत खर्डेघाशी करणारा माणूस, पण ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, मागच्या ब्रेकचे ड्रम साफ करणं ही कामं बारा-चौदा वर्षं घरीच करतोय. पैसे वाचतात हे कारण सांगायला बरं पडतं. खरं कारण म्हणजे मजा येते. पण या सगळ्या कामात सगळ्यात धोक्याचा भाग पान्याचा नाही, ऑइलचा नाही. गाडी उचलण्याचा आहे. आणि नेमकं तेच कुणी शिकत नाही, कारण "त्यात काय शिकायचंय?"

आमचे आबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. तिथे बस पिटवर, म्हणजे खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर, घेता आली तर उत्तम, नाहीतर जॅकने उचलायची आणि खाली घोडी लावायची. घोडी म्हणजे लोखंडी तिवईच, डोक्यावर चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, बसेल अशी. आता दुकानात तिला जॅक-स्टँड म्हणतात. आबांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं: "जॅक म्हंजे हमाल. हमालाच्या डोक्यावर पोतं ठिवून कुणी जेवायला जातं का?" उचलायचं काम जॅकचं, तोलून धरायचं काम घोडीचं. आम्ही हसायचो.

मग माझ्या हातून जे झालं ते सांगतो.

वॅगनआर होती. मागच्या डाव्या चाकाच्या ड्रममधून करकर आवाज यायचा. म्हटलं, उघडून बघू. चाक काढलं, पण ड्रम काही हलेना. ज्यांनी मागचे ड्रम काढलेत त्यांना माहीत आहे, हँडब्रेक ओढलेला असेल तर आतले लायनर ड्रमला धरून बसतात, म्हणून हँडब्रेक सोडावा लागतो. मी सोडला. गिअर न्यूट्रलला होता, हे लक्षातच नाही. पुढच्या चाकांना दगड लावला नव्हता, कारण अंगण "सपाट" होतं. तरीही ड्रम निघेना. त्या ड्रमला दोन बारीक आटे पाडलेली भोकं असतात, त्यात ८ एमएमचे दोन बोल्ट पिळले की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. ते बोल्ट शोधायला मी घरात गेलो. डबा उघडला, खिळे-स्क्रूच्या ढिगातून एक बोल्ट सापडला, दुसरा शोधत होतो, आणि बाहेर धप्प.

येऊन बघतो तर गाडी वीतभर पुढे सरकलेली, जॅक आडवा, ड्रम पेव्हर ब्लॉकवर आपटलेला. एका ब्लॉकचे सरळ दोन तुकडे. पाच मिनिटांपूर्वी मी मांडी घालून तिथेच बसलो होतो, डावा हात ड्रमच्या मागे घालून.

अंगण सपाट नव्हतंच. पावसाचं पाणी गटाराकडे जावं म्हणून गवंडी प्रत्येक अंगणाला उतार देतो. डोळ्याला दिसत नाही, गाडीला बरोबर कळतो. तेव्हापासून मी गाडी उभी केली की आधी फरशीवर गोटी ठेवतो. पोराची गोटी, खेळायची. ती गडगडली तर जागा बदलतो.

त्या दिवशीची चूक नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. आपल्या बहुतांश गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. इंजिनाची ओढ, आणि म्हणून गिअरची पकड, बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांना असते. आता तुम्ही मागचं चाक उचललंत तर हँडब्रेकचा भरवसा कमी झाला, आणि ड्रमसाठी तो सोडलात तर शून्य. तिथे गिअर टाकून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर हवी. उलट पुढचं एक चाक उचललंत तर गिअरवर विसंबू नका. दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारा डिफरन्शियल मध्ये असतो, त्यामुळे हवेतलं चाक एका दिशेने फिरतं आणि जमिनीवरचं चाक खुशाल दुसऱ्या दिशेने घरंगळतं. गाडी पहिल्या गिअरमध्ये असूनही चालू लागते! ऑटोमॅटिक गाडीच्या 'पी'चंही तेच. तिथे हँडब्रेक घट्ट आणि मागच्या चाकांना पाचर. जे टोक हवेत, त्याच्या विरुद्ध टोकाचा बंदोबस्त.

पाचर म्हणजे खरी पाचर. गोल दगड चाकाबरोबर गडगडतो. सुताराकडे जाऊन वाशाच्या तुकड्याचे चार तिरके ठोकळे कापून घ्या, चहाच्या पैशात होतात.

जमिनीकडे वळू. पेव्हर ब्लॉक खाली वाळूवर बसवलेले असतात, एका ब्लॉकवर भार आला की तो खचतो किंवा कलतो. शहाबादी फरशी खाली पोकळ असेल तर तडकते. मे महिन्याच्या दुपारी डांबरात जॅक लोण्यात सुरी जावी तसा रुततो. अंगणातली माती तर विचारूच नका, पावसाळ्यात सकाळी घट्ट आणि दुपारी चिखल. सिमेंटचा कोबा सगळ्यात बरा. तो नसेल तर जॅकखाली आणि घोडीखाली जाड प्लायचा चांगला मोठा तुकडा, म्हणजे भार पसरतो.

ट्रॉली जॅक म्हणजे चाकांवर ढकलत न्यायचा हायड्रॉलिक जॅक. त्याचं एक गुपित मला फार उशिरा कळलं. त्याचा हात सरळ वर जात नाही, कमानीत जातो. गाडी वर जाताना जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडं पुढे सरकावं लागतं. खडबडीत जमिनीवर किंवा पेव्हरच्या फटीत त्याची चाकं अडकली की जॅक सरकत नाही, मग त्याची वाटी गाडीखालून घसरते. म्हणून उचलताना एक डोळा वाटीवर आणि एक जॅकच्या चाकांवर ठेवायचा. मी नवीन जॅक आणला तेव्हा बायको म्हणाली, साडीच्या दुकानात एवढा वेळ कधी खाली वाकून बघितलं नाहीस.

जॅक लावायचा कुठे? दाराखालच्या पत्र्याच्या कडेला पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकाच्या पुढे दोन-दोन खाचा दिसतील. त्या दोन खाचांच्या मधला भाग आतून मजबूत केलेला असतो. तिथेच. इंजिन ऑइलच्या चेंबरखाली नाही, सायलेन्सरखाली नाही, मजल्याच्या पत्र्याखाली तर नाहीच. कात्री जॅकच्या डोक्यावर खोबण असते, त्यात ती कड बसते. ट्रॉली जॅकच्या वाटीत मात्र खाच पाडलेला रबरी ठोकळा ठेवा, नाहीतर कड दुमडते. बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या चॅसिसवाल्या गाड्यांचं गणित वेगळं आहे, मॅन्युअल बघा. आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर दुप्पट सावध, तिथे मजल्याखाली बॅटरी असते. कंपनीने दाखवलेल्या जागा सोडून कुठेही जॅक टेकवायचा नाही.

चाक काढणार असाल तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा. जॅकवरच्या गाडीचा नट पान्यावर उभं राहून उडी मारत सोडवणारे महाभाग मी डोळ्यांनी पाहिलेत.

आता घोडी. चार फूट लांब लिहायचं ते इथेच.

कात्री जॅकमध्ये सगळा भार एका स्क्रूवर आणि चार बारीक पट्ट्यांवर असतो, बाजूने धक्का बसला की तो कलंडतो. तो रस्त्यावर चाक बदलण्यापुरता दिलेला आहे. हायड्रॉलिक जॅकमध्ये भार तेलावर, आणि ते तेल एका रबरी सीलने अडवलेलं. सील झिजलं की गाडी हळूहळू खाली येते, कधी झटकन येते. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरू नका, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. पण मॅन्युअल आपल्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत तसंच राहतं, गाडी विकताना दुसऱ्याला द्यायला.

घोडी दोन प्रकारची मिळते. एक दात्यांची, हँडल उचललं की खटखट वर जाते. दुसरी आरपार पिन घालायची. मला पिनवाली आवडते. त्यात समजायला काही अवघड नाही, पिन दिसते किंवा दिसत नाही. दात्यांची असेल तर दाता पूर्ण बसलाय का ते वाकून बघा. हे मी उगाच म्हणत नाही. 2020 मध्ये अमेरिकेत हार्बर फ्रेट या मोठ्या दुकानसाखळीला आपले ३ टनी आणि ६ टनी स्टँड परत मागवावे लागले, कारण भार हलला की दाता सुटण्याचा धोका होता. आणि बदली म्हणून दिलेल्या काही स्टँडमध्ये वेल्डिंगचा दोष निघाला, तेही परत मागवले. म्हणजे घोडी लावली तरी आंधळा विश्वास नको. घोडीवरचा टनाचा आकडा एका नगाचा आहे की जोडीचा, तेही दुकानात विचारून घ्या.

घोडीवर गाडी हळू टेकवायची, मग बाहेर उभं राहून गाडीला दोन्ही हातांनी दणकून हलवायचं. पडायची असेल तर आत्ता पडू दे, मी बाहेर आहे. जॅक काढायचा नाही, तोही हलका टेकवून ठेवायचा. आणि काढलेलं चाक दाराच्या कडेखाली आडवं सरकवायचं. सगळं फसलं तरी गाडी त्या चाकावर येते आणि खाली माणसापुरती जागा राहते. एवढं झाल्यावर मी खाली जातो.

विटा? सिमेंटचे ब्लॉक? भिंतीत वीट सगळ्या अंगाने भार घेते म्हणून टिकते. गाडीची कड तिच्यावर एका रेघेत टेकते, आणि वीट आधी करकरत नाही, इशारा देत नाही, सरळ फुटते. ते हलके पांढरे एएसी ब्लॉक तर नखाने खरवडता येतात. त्यांच्यावर आठशे किलोची गाडी ठेवून खाली झोपणारा माणूस शूर नाही, त्याला फक्त माहीत नाही.

आणखी एक माहीत नसलेली गोष्ट. लोकांना वाटतं, गाडी पडली तर हाड मोडेल, फार तर दवाखाना. छातीवर गाडीचा भार आला तर एकही हाड न मोडता माणूस जाऊ शकतो, कारण छाती फुगतच नाही, श्वास घेता येत नाही. ओरडायलाही हवा लागते. काही मिनिटांचाच हिशोब असतो. म्हणून खाली जायच्या आधी घरात कुणाला तरी सांगा, शक्य तर शेजारी बसवा. माझ्याकडे ही ड्यूटी मुलीकडे आहे, ती दर पाच मिनिटांनी "बाबा, आहेस का?" विचारते आणि रील बघत बसते.

मला खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा येतो. गावाबाहेरच्या एका गॅरेजमध्ये गाडी घेऊन गेलो होतो. मिस्त्रीने जॅक लावला, गाडी वर घेतली आणि हाक मारली. सतरा-अठराचं पोरगं आलं, मळकट पोत्यावर पाठ टेकून सरळ खाली सरकलं. घोडी कोपऱ्यात पडलेली, तिच्यावर चहाचे ग्लास. मी म्हटलं, "मिस्त्री, ती लावा की." तो हसला, "साहेब, रोजचंच आहे." आणि मी काय केलं? गप्प बसलो. कारण मला दीड वाजता बँकेत पोचायचं होतं. ते पोरगं ठणठणीत बाहेर आलं, पण माझ्या गप्प बसण्याला त्याचं श्रेय नाही. आता मी स्पष्ट सांगतो: घोडी लागेपर्यंत माझ्या गाडीखाली कुणी जाणार नाही, उशीर झाला तर चालेल. एका मिस्त्रीने "मग दुसरीकडे न्या" म्हटलं. नेली.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, "आम्ही तीस वर्षं जॅकवरच काम करतोय, काही झालं नाही." झालं नाही म्हणून तर तुम्ही कमेंट करताय.

परवाचा तो शेजारी शेवटी बाहेर आला. चांगला मुलगा आहे, आयटीत आहे, पंधरा लाखांची गाडी. मी माझ्या दोन्ही घोड्या नेऊन दिल्या, गोटीही दिली. गोटी बघून तो हसला, मग ठेवून बघितली आणि ती सरळ गेटपर्यंत गेली. आम्ही दोघांनी गाडी ढकलून आतल्या कोब्यावर घेतली. त्याचा एकच नट बरोबर वीस मिनिटांत झाला.

आमच्या गल्लीतल्या कुणालाही लागल्या तर घोड्या, चार पाचरी आणि प्लायचा तुकडा माझ्याकडून घेऊन जा, भाडं नाही. नुसता जॅक मागितलात तर मिळणार नाही. आणि ज्याने दिवाळीत रबरी ठोकळा नेला होता त्याने तो आता परत आणावा, नाव लिहीत नाही.