खुलासा: ‘युनिसेफमार्फत पुण्यात बालवाडी शिक्षिकांची भरती’ हा मेसेज चुकीचा

‘युनिसेफतर्फे पुण्यात बालवाडी शिक्षिकांची थेट भरती, पात्रता बारावी, नोंदणी फी भरून जागा पक्की करा’ असा मेसेज पुण्यातल्या पालकांच्या आणि शिक्षिकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही.

फीचा मुद्दा सर्वांत ठोस. युनिसेफ अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण, नेमणूक यांपैकी कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही; तसं त्यांच्या जाहिरातींतच लिहिलेलं असतं. दुसरं, ही संस्था स्वतः बालवाड्या चालवत नाही. ती सरकारला धोरण, प्रशिक्षण आणि साहित्य यांत मदत करते. अंगणवाडी सेविकांची नेमणूक राज्याचा महिला व बालविकास विभाग करतो, आणि तिथे स्थानिक रहिवासाची अट असते. बारावीच्या पात्रतेची गोष्ट बहुधा तिथूनच उचलली असावी.

युनिसेफमध्ये बालशिक्षणाच्या अधिकारी पदांसाठी पदवी आणि अनुभव लागतो. आंतरराष्ट्रीय पदांना सहसा पदव्युत्तर पदवी. देशातल्या ‘नॅशनल ऑफिसर’ पदांसाठी भारतीय नागरिकत्व हवं. नुकतंच शिक्षण झालं असेल तर इंटर्नशिप किंवा यूएन व्हॉलंटिअर्स (संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम), हे दोन रस्ते जास्त शक्यतेतले.

जाहिरात पडताळायची तर मेसेजमधली लिंक उघडू नका. युनिसेफच्या संकेतस्थळावरच्या नोकरी विभागात पद स्वतः शोधा. ईमेलचा पत्ता ‘युनिसेफ डॉट ओआरजी’ने संपतो का, हेही बघा, जीमेलवरून आलेलं नेमणूकपत्र सरळ खोटं समजा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

जुना मेसेज पुढे पाठवू नका. आधी पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.