रेसिडेंटचा चमचा

चमच्याचे सहाशे गेले, त्याचं एवढं काही नाही. दीडशेचा चमचा सहाशेला पडला, ते मात्र अजून पोटात आहे.

रविवारी जुन्या बाजारात, गंजक्या नळांच्या ढिगात सापडला. काळाठिक्कर. दांड्यामागे चार चिमुकले चौकोन आणि प्रत्येकात एकेक वळणदार इंग्रजी अक्षर. विलायती चांदीवर असे ठसे असतात, एवढं मी वाचून होतो. चालता सिंह म्हणजे ९२.५ टक्के चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि एका अक्षरावरून साल. सिंह दिसेना. मळाखाली असेल म्हटलं. दुकानदार दीडशे म्हणाला, मी पाकीट काढलं, तोच शेजारून आवाज आला, "बघू."

कापडी पिशवी, पिशवीत शेपू, असे एक काका. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वाचलं, "ई, पी, एन, एस. ईस्ट इंडिया कंपनी, पुणे, नेटिव्ह सर्व्हिस."

"मग कंपनीचा सी कुठाय?"

"चमचा आहे हो, शिलालेख नाही. जागा नको?"

आणि तिथेच खडकीची लढाई सुरू झाली. ५ नोव्हेंबर १८१७. संगमावरचा एल्फिन्स्टनचा, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातल्या कंपनीच्या रेसिडेंटचा, वकिलाचा बंगला पेशव्यांच्या लोकांनी लुटला, जाळला. इथवर खरं. "संगम इथून किती लांब? दोनशे वर्षांत चमचा एवढंच सरकणार!" माणसं जमली. एकाने चमच्याचा फोटो काढला. मी डोळ्यांनी काकांना गप्प करू पाहत होतो, पण त्यांचा तोफखाना आत्ता कुठे गणेशखिंडीत पोचला होता. दुकानदार हाताची घडी घालून तन्मयतेने ऐकत होता. शेवटी त्याने माझ्या हातातला चमचा अलगद काढून घेतला आणि म्हणाला, "सहाशे. पेशवाईतला आहे."

पुण्यात ज्ञान फुकट मिळतं. बिल तिसऱ्याच्या नावावर फाडतात. जमिनीत दहा रुपयांहून जास्तीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवा, असं १८७८चा निखात निधी कायदा सांगतो. कलेक्टर परवडला. तो निदान शेपू घेऊन मागे उभा राहत नाही.

सराफाने विचारलंसुद्धा नाही. दांड्यावर कानस मारली, ॲसिडचा थेंब टाकला. हिरवा फेस. "इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर. तांबं, निकेल, जस्त. वरून चांदीचा मुलामा, तोही उडालाय." शंभर रुपये घेतले. खाच फुकट.

रात्री वाचलं, विजेने मुलामा चढवायचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने घेतलं १८४०मध्ये. लढाईनंतर तेवीस वर्षांनी! बुधवारी मुद्दाम बाजारात गेलो. काका होतेच. त्यांना साल ऐकवलं.

"बरोबर," काका म्हणाले. "आधी दोनचार चमचे करून बघितल्याशिवाय कोण पेटंट घेईल?"

चमचा सध्या साबुदाण्याच्या डब्यात आहे. आई म्हणते, असे सहा होते आपल्याकडे, भंगारवाल्याला दिले. किलोवर.