कांगारूचा शिक्का

सप्टेंबरअखेरीस मराठवाड्यात पाणी घुसलं आणि दोन-चार दिवसांत आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येऊन पडला. मदतीच्या किटची पिशवी, तिच्यावर नेत्यांचे फोटो. खाली पुण्याच्या आत्येभावाची टिप्पणी: ‘माणसं चिखलात उभी आहेत आणि यांना स्वतःची थोबाडं छापायची पडलीयत. 2019 ला कोल्हापूर-सांगलीत तांदळाच्या पाकिटांवर स्टिकर, आता हे. परदेशात असलं चालेल का? दादा, तूच सांग.’

दादा म्हणजे मी. गेली सोळा वर्षं फिजीत, राजधानी सुवात आहे. आमच्या नातेवाइकांच्या लेखी ‘परदेश’ हा एकच सलग देश आहे. तिथे रस्ते गुळगुळीत, माणसं रांगेत उभी, आणि सरकार दान करताना तोंड लपवणारं. त्या देशाचा साक्षीदार म्हणून मला अधूनमधून पुकारा होतो. सुवातले खड्डे मी कितीदा सांगितले, पण ते कुणाच्या लक्षात राहत नाहीत. साक्ष हवी असते ती ठरलेलीच.

या वेळी मात्र मी चिडलो. पिशवीवरचे फोटो मलाही किळसवाणे वाटले, तो भाग वेगळा. चिडलो ते ‘परदेशात असलं चालेल का’ या चार शब्दांवर. कारण चालतं. चांगलं दणक्यात चालतं.

2016 च्या 20 फेब्रुवारीला, शनिवारी, इथे विन्स्टन वादळ आलं. दक्षिण गोलार्धात जमिनीवर धडकलेल्या वादळांत इतकं जोरदार वादळ आधी नोंदलेलं नव्हतं. वारा ताशी 280 किलोमीटर. आधी वनुआ बलावू बेट, मग कोरो बेट, मग संध्याकाळी राकिराकीच्या बाजूने विती लेवू या आमच्या मुख्य बेटावर. 44 माणसं गेली. साडेतीन लाख लोकांना फटका बसला, म्हणजे दर दहातल्या चौघांना. सुवा बाजूला पडलं म्हणून वाचलं. आमच्याकडे झाडं पडली, वीज गेली, संचारबंदी लागली आणि फ्रीजमधलं सगळं खराब झालं. आमच्या हालांची यादी इथेच संपते.

मग मदत आली, आणि तिच्यासोबत शिक्के आले. ऑस्ट्रेलियाच्या मदतीवर लाल कांगारू. अमेरिकेच्या मदतीवर जोडलेले हात आणि ‘अमेरिकी जनतेकडून’. जपानची ‘जपानच्या जनतेकडून’. युनिसेफचे तंबू निळ्या अक्षरांचे, त्यांत पुढे कितीतरी दिवस शाळा भरल्या. चीनच्या मदतीवर ‘चायना एड’ इतक्या ठसठशीत अक्षरांत असतं की जहाजावरून वाचता यावं. न्यूझीलंडच्या नौदलाचं कँटरबरी जहाज आलं, ऑस्ट्रेलियाचं कॅनबेरा आलं आणि त्यांच्यासोबत फोटो काढणारेही आले. आपल्या हवाई दलाचं सी-17 विमान नांदीच्या विमानतळावर उतरलं तेव्हा ऑफिसात माझी छाती फुगली होती, आणि टीव्हीवर मीही पहिल्यांदा शोधला तो खोक्यांवरचा तिरंगाच.

यावर आत्येभाऊ म्हणेल, देशाचा शिक्का वेगळा आणि माणसाचा चेहरा वेगळा. कांगारू निवडणुकीला उभा राहत नाही. मान्य. कांगारूला कुणी मत देत नाही, पण पॅसिफिकमध्ये कुणी कुठला धक्का बांधायचा आणि कुणाचं जहाज कुठे लागायचं हा हिशेब त्या शिक्क्यांच्या मागे असतोच. इथली शेंबडी पोरंसुद्धा ते ओळखून आहेत. तरीही माझ्या या युक्तिवादात एक भोक आहे, आणि ते मला लिहिताना दिसतंय. कांगारूची ताडपत्री मिळवण्यासाठी कोरोतल्या माणसाला कांगारूच्या कार्यकर्त्यापुढे उभं राहावं लागलं नव्हतं. पण ते मी ग्रुपवर लिहिणार नाही.

मला आत्येभावाला सांगायचं होतं ते दुसरंच. पिशवीवर काय छापलंय यावर भांडण्यात तुमची संध्याकाळ जाते, पण पिशवीत काय आहे, ती कुणी मागितली होती का, आणि पिशवीऐवजी हातात काय द्यायला हवं होतं, यावर कुणी बोलत नाही.

विन्स्टनच्या आदल्या वर्षी, मार्च 2015 मध्ये, शेजारच्या वानुआतूवर पॅम वादळ आलं. जगभरच्या कनवाळू माणसांनी कपाटं रिकामी केली. दहा महिन्यांनंतरही पोर्ट व्हिलाच्या धक्क्यावर 18 कंटेनर पडून होते आणि त्यांचं भाडंच 15 लाख अमेरिकी डॉलरच्या वर गेलं होतं. ऑस्ट्रेलियन रेड क्रॉसने हे लिहून ठेवलंय. अशा कंटेनरांतून लोकरीचे कपडे निघतात, उंच टाचांचे बूट निघतात, तारीख उलटून गेलेले डबे निघतात. बेटाचं बंदर असतं केवढं! एक क्रेन, दोन-चार माणसं. आपल्या मनाच्या समाधानाचा कंटेनर तिथे आडवा पडला की मागचा पाण्याच्या टाक्यांचा कंटेनर समुद्रात ताटकळतो.

हे सगळं मला आता कळतं. 2016 च्या मार्चमध्ये मी स्वतः भारतीय मंडळींच्या हॉलमध्ये उभा राहून खोकी भरत होतो. त्यात माझा लग्नातला कोट होता. कोट, कोरो बेटासाठी! तिथे माणसं सुलू नेसून चर्चला जातात आणि मी त्यांना टेरिवूलचा कोट पाठवला, कारण तो मला होत नव्हता आणि टाकवतही नव्हता. खोकी भरून झाल्यावर बॅनर धरून आम्ही फोटो काढला. डावीकडून तिसरा मी. तो फोटो मी घराण्याच्या ग्रुपवर टाकला होता, आणि पहिला अंगठा आत्येभावाचाच होता. ‘अभिमान वाटतो, दादा.’ फेसबुक दर मार्चमध्ये आठवण म्हणून तो माझ्या तोंडावर मारतं.

तर बॅनर मीही धरलाय.

मी बांधकाम साहित्याच्या एका दुकानात हिशेब बघतो. कोणतं ते सोडा. विन्स्टननंतर सरकारने ‘हेल्प फॉर होम्स’ काढलं. घर किती गेलंय त्यावर दीड हजार, तीन हजार किंवा सात हजार फिजी डॉलरचं कार्ड. सात हजार म्हणजे त्या वेळचे सव्वादोन लाख रुपये. ते कार्ड हार्डवेअरच्या दुकानातच चालायचं, पत्रे, लाकूड, खिळे घ्यायला. शिवाय ज्यांना आधीपासून गरिबी भत्ता मिळत होता त्यांच्या हातात तीन महिन्यांचे पैसे एकदम जास्तीचे दिले. आणि नोकरदारांना स्वतःच्याच भविष्यनिधीतून हजार डॉलर काढायची मुभा मिळाली, घर मोडलं असेल तर आणखी पाच हजार. म्हणजे माणसं म्हातारपणाची शिदोरी खाऊन छपरं घालत होती. यावर कुणाचा फोटो छापणार?

आमच्या ग्रुपवर दर पुरानंतर एक तरी काका लिहितात की रोख दिलं तर दारूत जातं. इथे त्या जास्तीच्या भत्त्याचं काय झालं ते नंतर तपासलं गेलं. बहुतेक पैसे जेवणावर आणि घराच्या डागडुजीवर गेले होते. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांचं उत्तर होतं, ‘तिथली माणसं वेगळी.’ तिथली माणसं वेगळी! इथले गुजराती दुकानदार कोरोच्या माणसाबद्दल गल्ल्यामागून हेच म्हणतात, फक्त दारूच्या जागी यंगोना, हे इथलं गुंगीचं पेय, घालायची.

कार्डाचं मी फार कौतुक करतोय असं वाटेल, तर थांबा. कार्डं निघाली आणि देशातले पत्रे संपले. चाळीस हजार घरांची पडझड, सगळ्यांना एकदम पत्रे हवेत. आमच्या काउंटरवर माणसं कार्ड धरून उभी राहायची आणि मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात या. कोरोचा एक गृहस्थ होता, साठीचा, रात्रभर बोटीने यायचा. तीनदा आला. तिसऱ्यांदाही मी तेच म्हणालो. ओरडला नाही. ‘विनाका’, म्हणजे धन्यवाद, म्हणून वळला आणि बाहेर आमच्या दुकानाने लावलेल्या ‘आम्ही फिजीसोबत आहोत’ या फलकाखाली सावलीत बसून राहिला. चौथ्या खेपेला पत्रे मिळाले. तोवर त्याच्या गावातली माणसं सोलेसोलेवाकीने, म्हणजे सगळ्यांनी मिळून हात लावून, एकेकाची भिंत उभी करून मोकळी झाली होती, पण पत्र्याचं काही सोलेसोलेवाकीने भागत नाही.

आता 2020. एप्रिलमध्ये इथे हॅरल्ड वादळ आलं, डिसेंबरमध्ये यासा. मधल्या 3 जूनला तिकडे निसर्ग आलं, आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर. काकांची वाडी दुपारच्या दोन-तीन तासांत आडवी झाली. सुपारी तर मधोमध मोडली, नारळ मुळासकट. आजोबांनी लावलेली झाडं होती. फिजीच्या सीमा मार्चअखेर बंद झालेल्या, त्या उघडल्या थेट 2021 च्या डिसेंबरात. मी इथे बसून व्हिडिओ बघत होतो. ज्या वाडीत दिवसा उजेड नसायचा तिथून समुद्र दिसत होता.

सरकारने फळबागांना हेक्टरी 50 हजार जाहीर केले. ऐकायला बरं वाटतं. कोकणात हेक्टर कुणाकडे असतो? गुंठ्याला 500 रुपये पडले. पडलेलं एक झाड कापून बाजूला करायला मजूर त्याहून जास्त घेत होता. आणि तेही 500 काकांच्या हातात सरळ पडेनात, कारण सातबारा सामायिक. त्यावर नऊ नावं. त्यांतलं एक माझं.

काकांचा फोन आला. ‘तुझं संमतीपत्र लागेल रे बाबा.’ मी लगेच लिहून, सही करून, फोटो काढून पाठवलं. कार्यालयात म्हणे फोटो चालत नाही, मूळ कागद हवा. मूळ कागद बारा हजार किलोमीटरवर, आणि विमानं बंद. काका दोनदा जाऊन परत आले. साठीचा माणूस, काउंटरसमोर उभा, आणि पलीकडचा म्हणतोय, पुढच्या आठवड्यात या. या वेळी काउंटरपलीकडे मी नव्हतो, पण अडलं होतं ते माझ्यामुळेच. त्या वाडीला मी सोळा वर्षांत एक बादली पाणी घातलेलं नाही. माझं तिथे उरलंय ते एक नाव, आणि त्या नावाने काकांची मदत अडवली.

शेवटी कागद पोचला. कसा ते सांगत बसत नाही, पण एका भल्या माणसाच्या बॅगेतून. आणि आता हे लिहितोच. आत्येभावाचंही नाव त्या सातबारावर आहे. पुण्यापासून गाव पाच तासांवर. त्याचं संमतीपत्र माझ्यानंतर आठ दिवसांनी आलं. टाळेबंदी होती, ई-पास मिळत नव्हता, मला ठाऊक आहे. तरी माझ्यानंतर.

इथे कुठलाही अर्ज भरताना वंशाचा रकाना येतो. इतौकेई म्हणजे इथले मूळ रहिवासी, भारतीय वंशाचे, इतर. गिरमिटात, म्हणजे करारावर मजूर म्हणून, आलेल्यांची पोरं मला आपल्यातला धरत नाहीत. ‘तुम इंडियावाला’ म्हणतात, गुजराती आहेस का विचारतात, आणि मराठी म्हटलं की ‘अच्छा, बंबई’ म्हणून विषय संपवतात. इतकी वर्षं मी ‘इतर’वर खूण करतोय. सातबारावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना आहे, तो मला आता जवळचा वाटायला लागलाय.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं: ‘इथेही छापतात. फोटोऐवजी कांगारू.’ तिघांनी हसरे चेहरे टाकले. आत्येभावाने लिहिलं, ‘कांगारू परवडला!’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग काकांचा मेसेज आला. नेहमीप्रमाणे विषयाला सोडून: वीसच्या साली लावलेल्या सुपारीला अजून पोय नाही, नारळ मात्र बरे आहेत, आणि या खेपेला आलास तर कुलमुखत्यारपत्राचं बघून टाक.

नोव्हेंबर लागला की इथला वादळांचा हंगाम सुरू होतो. परवा गॅरेजमधून ताडपत्री काढून धुतली. ती कोरोची. तो गृहस्थ पत्रे घालून झाल्यावर, पुढच्या वर्षी, मला दालो, म्हणजे अळूचे कंद, द्यायला आला होता, एवढी मोठी जुडी, त्या ताडपत्रीत गुंडाळून. ताडपत्री राहू दे म्हणाला, आता गळत नाही. मी दरवर्षी ती गाडीवर टाकतो. वरचा कांगारू उन्हाने गुलाबी पडलाय, शेपटी पार गेलीय.