नंबर एकच्या शहरात तिसरा नंबर

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी माझी गाडी बघून कचरागाडीवाला क्षणभर थांबला. ओल्यात घ्यायची की सुक्यात, असा त्याला प्रश्न पडला असावा.

चूक माझीच. गेर, म्हणजे आमची इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक, बघायला जाताना गाडी राजवाड्यापासून दोन गल्ल्या अलीकडे लावली होती. वाटलं, रंग एवढ्या लांब कशाला येतोय. पण आमच्या गेरमध्ये रंग टँकरमधून उडतो आणि पत्ता विचारून कुणाच्या अंगावर पडत नाही. आता, २०१७ पासून देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून मिरवणाऱ्या इंदुरात असली गाडी फिरवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत बनियनवर बसणं. लगेच धुवायला नेली. तिथला पोरगा बॉनेट उघडून म्हणाला, "भिया, इंजन पे भी मार दूँ?" फटींतून गुलाल आत शिरून इंजिन जोतिबाची यात्रा करून आल्यासारखं दिसत होतं. मी म्हणालो, "मार दे." त्याने प्रेशरचा पाइप मारला. हे 'मार दे' मी पुढचे दहा दिवस कुणालाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी पलासियाच्या सिग्नलला गाडीला हुडहुडी भरली. आरतीत सगळ्यांचे टाळ लयीत वाजत असताना एकच जण दर चौथ्या ठोक्याला हरवतो ना, तसा आवाज. पुढे चढावर मी अ‍ॅक्सिलरेटर पार खाली दाबला तरी एक ई-रिक्षा मला मागे टाकून गेली. आतल्या आजींनी वळून बघितलं. त्या नजरेत दया होती. घरी पोचेपर्यंत इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

"अहो, पुस्तकात काय लिहिलंय बघा तरी," बायको म्हणाली. गाडीचं पुस्तक सहा वर्षं प्लास्टिकमध्येच होतं. तिने ते फोडून मोठ्याने वाचलं: दिवा नुसता पेटला असेल तर गाडी लवकर दाखवून घ्या, लुकलुकत असेल तर वेग कमी करा, जोर देऊ नका, गाडी लगेच दाखवा. कारण सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल धुराच्या नळीतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि तो तापून निकामी होतो. त्याची किंमत तिने फोनवर शोधली. मला सांगितली नाही, फक्त फोन उलटा ठेवला.

शेजारचे नाना आवाज ऐकून आपणहून आले. नाना बँकेतून निवृत्त, पण तरुणपणी अ‍ॅम्बेसेडर चालवलेली, त्यामुळे कुठल्याही गाडीवर हक्क. "मिसिंग मारून राहिली आहे ही, एक सिलिंडर पेटत नाहीये," ते म्हणाले. "काही नाही रे, चालू इंजिनात पेट्रोलला ठिणगी देणाऱ्या एकेक प्लगची वायर काढायची. जी काढून आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला." बॉनेट उघडलं. वायरी नव्हत्याच. आताशा प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याला वीज देणारी त्याची स्वतःची कॉइल बसलेली असते. नानांचा चेहरा असा पडला, जणू सासुरवाडीला जाऊन बघावं तर कुलूप. मग राग प्लगवरच निघाला. चारही प्लग नवे घातले. गाडी तशीच थरथरत राहिली, फक्त आता नव्या प्लगांनिशी.

भाच्याने मग काडेपेटीएवढा एक स्कॅनर आणला, स्टिअरिंगखाली खोचला आणि मोबाइलवर बघून म्हणाला, "मामा, पी०३०३. तिसरा सिलिंडर."

इथे खरी लढाई सुरू झाली. तिसरा, पण कुठून? मी पट्ट्याच्या बाजूने मोजत होतो, नाना बॅटरीच्या बाजूने. चार सिलिंडरांच्या रांगेत माझा तिसरा तो त्यांचा दुसरा. त्यातून भाच्याने सांगितलं की इंजिन पेटतं एक, तीन, चार, दोन अशा क्रमाने. त्यावर नाना म्हणाले, "मग तीन नंबर खरं तर दुसराच झाला!" एवढ्या वर्षांच्या शेजारात आम्ही पहिल्यांदा एकमेकांना 'तुम्हाला कळत नाही' म्हणालो. जेवणंही आपापल्या घरी थंड झाली.

शेवटी गाडी हळूहळू गॅरेजवाल्या उस्तादकडे नेली. नाना सोबत होतेच, प्रतिष्ठेचा प्रश्न होता. उस्तादने भांडण शांतपणे ऐकलं, मधल्या दोन कॉइली उपटल्या, एकमेकींच्या जागी बसवल्या, जुना कोड पुसला आणि गाडी चालू केली. थोड्या वेळाने मशीनवर नवा कोड आला: पी०३०२. रोग कॉइलबरोबर शेजारच्या घरी राहायला गेला होता. म्हणजे प्लग नाही, इंजेक्टर नाही, कॉम्प्रेशन नाही, फक्त कॉइल. आणि मधल्या दोघींचीच अदलाबदल असल्यामुळे कुठूनही मोजलं तरी उत्तर तेच. नाना माझ्याकडे विजयी मुद्रेने बघत होते. मीही त्यांच्याकडे तसाच बघत होतो.

मग उस्तादने ती कॉइल उजेडात धरली. रबरी नळीवर केसाएवढी काळी रेघ होती. जिथून ती काढली त्या खळग्यात टॉर्च मारली तर तळाशी गंज आणि गुलाबी चिखल. जुने प्लग बदलताना तो आम्हा कुणालाच दिसला नव्हता. प्लग काढायचं पुण्यकर्म नानांनी चष्मा न लावता केलं होतं. कॉइल बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि वीज सोप्या वाटेने जाते. प्लगच्या टोकावरून उडी मारायची ती ओल्या रबरावरून बाजूच्या धातूत जाऊन बसायची. इंजिन नुसतं उभ्या उभ्या चालतं तेव्हा एकेक सिलिंडर मिनिटाला साधारण ४०० वेळा पेटतो. माझा तिसरा तेवढ्या वेळा गैरहजर.

"इंजन धुलवाया था क्या, भिया?"

मी गॅरेजच्या छताकडे बघितलं. जाळी बरीच होती.

"अरे, तू इंजिन धुतलंस?" नाना एवढ्या जोराने ओरडले की शेजारच्या पोह्यांच्या ठेल्यावर दोघांचे घास थांबले. "पाइपाने?"

नवी कॉइल बसली. खळगे हवेने फुंकून कोरडे झाले. उस्ताद म्हणाला, इंजन पोंछते हैं भिया, नहलाते नहीं. गाडी आता चारही टाळांवर वाजते.

तेव्हापासून मी ती धुतलेली नाही. बाहेरूनही नाही. परवा बॉनेटवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहून ठेवलं होतं: 'शहराचा नंबर जाईल.' अक्षर वळणदार, ओळ सरळ आणि खाली, जुन्या सवयीने असावी, तारीखही घातलेली.